बिलाचा प्रोग्राम इंटरनेटवर, शिस्त मात्र जुनीच हवी

मैंदर्गीच्या गोदामातून निघालेला टेम्पो अक्कलकोटकडे वळला, तर तो महाराष्ट्रातच राहतो. तोच टेम्पो दुधनीच्या अंगाने अफजलपूरकडे गेला, तर थोड्याच वेळात तो कर्नाटकात असतो. माल तोच, ड्रायव्हर तोच, भाडेही फार वेगळे नाही. रस्त्यावर बोलली जाणारी भाषासुद्धा लगेच बदलत नाही. कन्नड आणि दखनी अलीकडेही आहे, मराठी पलीकडेही आहे. जीएसटीच्या कायद्यात मात्र हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत.

६० हजार रुपयांचे पाइप आणि त्यावर १८ टक्के कर धरला, तर बिल होते ७० हजार ८०० रुपयांचे. हा माल अक्कलकोटच्या दुकानदाराला गेला तर १० हजार ८०० रुपयांचा कर केंद्र आणि राज्य यांच्यात अर्धा-अर्धा लावायचा. ई-वे बिलाची गरज नाही, कारण महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही. हाच माल अफजलपूरला गेला तर सगळा कर आयजीएसटी म्हणून लावायचा आणि ई-वे बिल काढल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही, कारण आंतरराज्य मर्यादा ५० हजारांची आहे. सीमेपलीकडच्या कारागिराकडे शिलाईला किंवा इतर मजुरीच्या कामाला माल पाठवायचा असेल, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. आपल्यापैकी अनेकांना हे शेवटचे कलम आजही ठाऊक नसते.

पूर्वी अशा गोष्टी दिवाणजीच्या डोक्यात असत. मग त्या दुकानातल्या संगणकाच्या डोक्यात गेल्या. आता त्या दुकानातही राहिलेल्या नाहीत. बिलाचा प्रोग्राम इंटरनेटवर गेला आहे. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा आणि बिल काढायचे. मोबाईलवरही चालते. गल्ल्यावर बसलेला मुलगा आणि माल घ्यायला सोलापूरला गेलेला बाप, दोघांना एकच खाते दिसते. ही सोय मोठी आहे आणि ती नाकारा असे आम्ही सांगणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. प्रोग्रामची जागा बदलली तेव्हा तो बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या काही जुन्या सवयी वाटेत गळून पडल्या. त्या आता कोणी आपोआप पाळणार नाही. ठरवून पाळाव्या लागतील.

जुनी पद्धत आठवून पाहा. व्यापाऱ्यांच्या घराघरात पोचलेले टॅली १९८६ साली बेंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी सुरू केले. त्या काळात कोणताही प्रोग्राम फ्लॉपीवर येई, पुढे सीडीवर आला. त्यात बदल करायचा म्हणजे माणूस गावी यायचा. सोलापूरहून मैंदर्गीला येणे, दुकान बंद होईपर्यंत थांबणे, नवा प्रोग्राम चढवणे आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय पाहणे. चूक निघाली की दुसरी खेप आणि दुसरे बसभाडे. म्हणून तो प्रोग्रामर आपल्या जागी चार वेळा तपासूनच निघायचा. ती शिस्त त्याच्या स्वभावात होती असे नाही. एस.टी.च्या तिकिटाने ती लावली होती.

आज हे तिकीट उरलेले नाही. पुण्यात बसलेला प्रोग्रामर रात्री ११ वाजता एक ओळ बदलतो आणि सकाळी शटर उघडताना शंभर दुकानांत नवा प्रोग्राम असतो. कोणाला विचारले जात नाही, कोणाला कळतही नाही.

यातून काय घडू शकते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, असा एक प्रोग्राम पुण्याच्या दुकानांत आणि आपल्या मैंदर्गीत एकाच वेळी वापरला जातो. पुण्याचा एक दुकानदार तक्रार करतो की प्रत्येक नव्या ग्राहकाचे नाव भरताना राज्य कोणते ते निवडावे लागते, त्यात वेळ जातो. त्याचे सगळे ग्राहक महाराष्ट्रातले. तक्रार रास्त आहे. प्रोग्रामर ती जागा आधीच 'महाराष्ट्र' अशी भरून ठेवतो. पुण्याचा दुकानदार खूश. मैंदर्गीत दुसऱ्या दिवशी अफजलपूरचे नवे गिऱ्हाईक येते. मुलगा नाव, पत्ता, मोबाईल भरतो; राज्याच्या रकान्यात काहीतरी आधीच लिहिलेले आहे म्हणून पुढे जातो. महाराष्ट्राचा क्रमांक २७, कर्नाटकाचा २९. प्रोग्रामच्या दृष्टीने हा ग्राहक २७ चा झाला. बिलावर कर लागला केंद्र आणि राज्याचा, आणि ७० हजार ८०० ही रक्कम १ लाखाच्या आत असल्यामुळे ई-वे बिलाची सूचनाही आली नाही. टेम्पो निघाला.

एका रकान्यातल्या एका सोयीने दोन चुका झाल्या, आणि दोन्ही महाग आहेत. तपासणी पथकाने गाडी अडवली तर मालाचा मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट, म्हणजे २१ हजार ६०० रुपये. पाइपाच्या त्या खेपेत तेवढा नफा कोणाला सुटतो? नावातले स्पेलिंग, पिनकोड किंवा गाडीच्या नंबरातला एखादा आकडा अशा लहान चुकांसाठी १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने एकूण १ हजार रुपयांच्या दंडाची सवलत दिली आहे. पण ती ई-वे बिल सोबत असेल तर. ते नसेल तर ही सवलत नाही. कराची चूक दुरुस्त करता येते. योग्य कर आधी भरायचा आणि चुकीच्या खात्यात गेलेला परत मागायचा. त्यावर व्याज लागत नाही. मात्र परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. अफजलपूरच्या व्यापाऱ्याचे क्रेडिट अडकले तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो, आणि त्याची भरपाई कोणताही कायदा करत नाही.

यात प्रोग्रामर वाईट नव्हता. त्याने गिऱ्हाईकाचे ऐकले. पण बदल दुकानांत पोचण्याआधी तो सीमेवरच्या दुकानदाराच्या नजरेतून कोणी पाहिला नाही.

मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. आज जगभरचे कारखाने तिच्या प्रोग्रामवर हिशेब, साठा, पगार ठेवतात. आपली पुण्यात गेलेली कित्येक मुले त्यावरच काम करतात. तिथे रूढ असलेली पद्धत अशी की प्रोग्रामच्या तीन वेगवेगळ्या जागा असतात. पहिल्या जागी बदल लिहायचा. दुसऱ्या जागी तो कामाच्या माणसांनी वापरून पाहायचा. मगच तिसऱ्या, म्हणजे खऱ्या कारभाराच्या जागी न्यायचा. बदलाला क्रमांक असतो, करणाऱ्याचे नाव असते. एक माणूस एखाद्या भागावर काम करत असेल तर दुसऱ्यासाठी तो भाग कुलूपबंद होतो. आपला शिंपी ग्राहकाच्या अंगावर कच्च्या टाक्यांची ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई मारत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग २०१३ च्या सुमारास सॅपने 'फिओरी' नावाने नवे पडदे आणले. ते ब्राउझरमध्ये उघडतात आणि जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेले असतात. ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत बनवली होती. वेबपानांत थोडी हालचाल यावी एवढाच तेव्हा हेतू होता. कारखान्याची गोदामे त्यावर चालतील असे कोणाच्या मनात नव्हते. आता इथे जुना प्रोग्रामर गोंधळतो. त्याला सवय की कुलूप यंत्रच लावणार, नोंद यंत्रच ठेवणार. वेबच्या कामात मजकूर प्रत्येकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असतो आणि दोघे एकाच वेळी तीच जागा बदलू शकतात. उलट नव्या मुलाला जुन्या माणसाची तपासणी म्हणजे म्हातारी किरकिर वाटते. आमच्या मते दोघांचेही निम्मे बरोबर आहे. नवी हत्यारे चांगली आहेत, पण जुन्या यंत्रात जी शिस्त बसवलेली होती ती नव्यात हाताने बसवावी लागते.

त्यासाठी साधने नाहीत असे नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' नावाचा प्रोग्राम बनवला आणि तो कोणालाही फुकट मिळतो. तो म्हणजे प्रोग्रामची कीर्दच. कोणती ओळ, कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी बदलली याची त्यात नोंद राहते आणि चूक निघाली तर आदल्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येते. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. जुन्या वहीत पान फाडायची मनाई होती, खाडाखोड करायची मनाई होती. चूक झाली तर ती तशीच ठेवून उलट नोंद घालायची. आज सरकारही हेच मागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. हा नियम कंपन्यांसाठी आहे. घरच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला तो लागू नाही. पण दोन भावांच्या भागीदारीत कोणी जुने बिल बदलले यावरून झालेले तंटे आम्ही पाहिले आहेत. नोंद असती तर गोष्ट पाच मिनिटांत मिटली असती.

खाडाखोडीचा हा मुद्दा २२ सप्टेंबर २०२५ ला फार ठळकपणे पुढे आला. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून उठले. तयार कपड्यांचा नग २ हजार ५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के असे झाले. शिलाई मशीन १२ वरून ५ वर आले, सिमेंट २८ वरून १८ वर. देशभरच्या बिलाच्या प्रोग्रामांना एका रात्रीत बदलायचे होते.

ते दोन प्रकारे करता येते. पहिला, सोपा प्रकार म्हणजे कपड्यापुढचा १२ पुसून ५ लिहायचा. दुसरा म्हणजे १२ तसाच ठेवून त्यापुढे '२१ सप्टेंबर २०२५ पर्यंत' असे लिहायचे आणि खाली नव्या ओळीत ५ लिहून '२२ सप्टेंबरपासून'. पहिल्या दिवशी दोन्ही प्रोग्राम सारखेच बिल देतात. फरक कळतो तो माल परत आल्यावर. समजा, १० सप्टेंबरला आपण १ हजार ५०० रुपयांचे २० ड्रेस घाऊक विकले. प्रत्येकावर १२ टक्क्यांनी १८० रुपये कर घेतला. ऑक्टोबरात ते सगळे परत आले. परतीची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, म्हणजे १८० रुपयांनी काढायला हवी. पुसून लिहिणारा प्रोग्राम ७५ रुपये दाखवतो. नगामागे १०५ रुपये, २० नगांचे २ हजार १०० रुपये. गिऱ्हाईक म्हणते दुकानदार फसवतो आणि दुकानदार म्हणतो मशीन सांगते ते खरे. दर लिहिताना तो कोणत्या तारखेपासून लागू, हे टॅलीसारख्या जुन्या प्रोग्रामांत विचारले जाते. घाईत बनवलेल्या नव्या वेब प्रोग्रामांत हा रकाना आहे का, ते आपण एकदा स्वतः पाहावे.

सरकारी यंत्रणाही हा धडा ठेच लागूनच शिकली. ई-वे बिलाची देशव्यापी सुरुवात १ फेब्रुवारी २०१८ ला ठरली होती. त्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि योजना पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या खेपेला मात्र पायरीपायरीने जाण्याचे ठरले. १ एप्रिल २०१८ पासून फक्त आंतरराज्य वाहतूक. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी त्या दिवशी एकटे कर्नाटक. मग १५ एप्रिलपासून गुजरात, केरळ, तेलंगण, आंध्र आणि उत्तर प्रदेश, पुढे इतर, आणि महाराष्ट्राची पाळी २५ मे ला आली. त्या जवळजवळ दोन महिन्यांत आपल्या भागात विचित्र स्थिती होती. सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याला त्याच्याच राज्यात ई-वे बिल लागत होते, आपल्याला आपल्या राज्यात लागत नव्हते. त्या वेळी तो त्रास वाटला. पण यंत्रणा दुसऱ्यांदा कोसळली नाही, हेही खरे.

ई-इन्व्हॉइसच्या वेळीही हाच मार्ग घेतला गेला. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली. पाच पायऱ्या उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ती ५ कोटींवर आली. शिवाय प्रोग्रामरांना खोटी बिले टाकून पाहण्यासाठी वेगळी सरावाची जागा उघडून दिली होती. आपला प्रोग्रामर अशा सरावाच्या जागेवर आधी चालवून पाहतो की थेट आपल्या खऱ्या जीएसटी नंबरावर प्रयोग करतो, हा प्रश्न त्याला विचारायला काहीच हरकत नाही.

परदेशातले दाखले तर याहून मोठे आहेत. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २०१२ साली नवा प्रोग्राम आपल्या आठपैकी सातच सर्व्हरांवर चढवला. आठवा विसरला गेला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. आणि मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने रागाच्या भरात इंटरनेटवरच्या सामाईक भांडारातून स्वतःचा ११ ओळींचा तुकडा काढून घेतला. 'लेफ्ट-पॅड' असे त्याचे नाव. तो तुकडा हजारो प्रोग्राम दुसऱ्यांच्या मार्फत उसना घेत होते. बड्या कंपन्यांचीही कामे काही तास अडली. आपल्या मुलांनी लिहिलेल्या वेब प्रोग्रामांतही असे उसने तुकडे शेकड्याने असतात. उसने घ्यावे, पण कोणाकडून काय घेतले याची यादी ठेवावी आणि त्याची एक प्रत आपल्या गोदामात असावी.

आता व्यापाऱ्याच्या बाजूचे बोलू, कारण सगळा दोष प्रोग्रामरवर टाकणे आम्हाला पटत नाही. मैंदर्गीचा व्यवहार पुण्याच्या मुलाला कसा कळणार? आपल्यालाच तो सांगावा लागेल. प्रोग्राम घेताना आपल्या दुकानाची पाच-सहा नमुना बिले कागदावर लिहून द्यावीत आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तरही द्यावे. एक अक्कलकोटच्या ग्राहकाचे, तेवढ्याच रकमेचे एक अफजलपूरचे. सीमेपलीकडे मजुरीला गेलेल्या थोड्या कपड्याचे एक. दर बदलण्याआधी विकलेला माल परत आल्याचे एक. ज्याच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे २९ आहेत पण राज्य चुकून महाराष्ट्र भरले आहे असे मुद्दाम चुकीचे एक. तिथे प्रोग्रामने अडायला हवे. प्रोग्रामरला सांगावे की काहीही बदललेस तरी आधी ही बिले चालव, उत्तरे जुळली तरच बदल आमच्याकडे पाठव. हुशार मुले ही तपासणी यंत्राकडूनच करून घेतात. एकदा लिहिली की दर बदलाला ती क्षणात होते. आणि बदल महिन्याच्या ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर नको, त्या दिवसांत विवरणपत्रे भरायची असतात.

दुसरी गोष्ट वहीच्या मालकीची. प्रोग्राम इंटरनेटवर आहे म्हणजे आपली खतावणी दुसऱ्याच्या गोदामात आहे. जीएसटीचा कायदा सांगतो की हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची. प्रोग्रामरने धंदा बंद केला किंवा वर्गणीवरून वाद झाला, तरी नोटीस दुकानदारालाच येते. दर महिन्याला सगळी बिले आणि खाती एक्सेलमध्ये उतरवून घ्यावीत, एक प्रत दुकानात आणि एक घरी ठेवावी. जाता जाता हेही पाहावे की पोर्टलवर मोबाईल नंबर कोणाचा आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांनाच ओटीपी लागतो, आणि कित्येकांचा ओटीपी अजून कर सल्लागाराच्या खिशात वाजतो. सल्लागार शादीला गेला की टेम्पो उभा.

तिसरी गोष्ट पैशाची. आपल्याकडे 'भाचाच आहे, करून देईल' या भरवशावर प्रोग्राम बनतात. भाचा करूनही देतो. पण दोन जागा ठेवणे, नमुना बिले तपासणे, नोंद ठेवणे याला वेळ लागतो आणि फुकटच्या कामात पहिला बळी त्याचाच जातो. पडद्यावर दिसत नाही त्या कामाचे पैसे द्यायला आपला हात जड असतो. सुताराच्या रंध्याला आपण मजुरी देतो, मग याला का नाही? वर्षाचा करार साध्या कागदावर करावा. बदलाआधी दुकानाला निरोप, चूक निघाल्यास त्याच दिवशी जुन्या प्रोग्रामवर परत, आणि सोडून जाताना सगळ्या खात्यांची प्रत, एवढे त्यात असले तरी पुष्कळ.

सोलापूरच्या कॉलेजांत बीसीए आणि कॉम्प्युटर सायन्स शिकणारी आपल्या भागातली मुले सुट्टीत गावी येतात तेव्हा त्यांना काहीतरी खरे काम हवे असते. त्यांच्या हातात एकदम नवा प्रोग्राम बनवायला देऊ नये. आधी मागच्या वर्षाची बिलांची फाईल द्यावी आणि सांगावे, यातली अफजलपूर, आळंद आणि कलबुर्गीची बिले वेगळी काढ, आणि त्यात २७ कुठे पडला आहे ते शोध. चुकीचे ई-वे बिल काढल्यापासून २४ तासांत रद्द करता येते. त्यानंतर निघालेली चूक वार्षिक विवरणपत्र भरतानाच भेटते.